‘रिडेव्हलपमेंटला जाणार आहे’ म्हणजे नक्की कुठवर गेलंय?

पार्ले पूर्व, मुलुंड, बोरिवली, चेंबूरचं टिळकनगर, कुठेही जुन्या सोसायटीतला वन बीएचके बघायला जा. एजंट जिन्यातच सांगून मोकळा होतो, “बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, म्हणून भाव जरा वर आहे.” वाक्य खोटं नसतं, त्याला तारीख तेवढी नसते. मुंबईतली तीस-चाळीस वर्षांची प्रत्येक सोसायटी कधी ना कधी जाणारच आहे. तेव्हा घेणाऱ्याने उलट विचारायचं: आज प्रकरण कुठल्या कागदावर आहे? तो कागद दाखवा.

कागद क्रमाने येतात. आधी गच्चीवर नुसती चर्चा असते. मग सर्वसाधारण सभेचा ठराव होतो, पीएमसी म्हणजे प्रकल्प सल्लागार नेमला जातो आणि त्याचा फिजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे प्रकल्प परवडतो का याचा अहवाल येतो. मग निविदा, आणि मग महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खालच्या निर्देशांप्रमाणे विकासक निवडायची विशेष सभा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार या सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते, निवडीला किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, निबंधक कार्यालयाचा प्राधिकृत अधिकारी हजर असतो आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. त्यानंतर विकास करारनामा, ज्याला सगळे डीए म्हणतात, तो नोंदणीकृत होतो. मग पालिकेची आयओडी. (या कागदाचं इंग्रजी नाव शब्दशः ‘नामंजुरीची सूचना’ असं आहे, पण असते ती अटींसह मंजुरी. नवखा माणूस नाव वाचूनच घाबरतो.) मग घरं रिकामी करणं, पाडकाम, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), बांधकाम, ओसी (राहायला जायचा दाखला).

बहुतेक जाहिरातींतलं ‘जाणार आहे’ हे ठराव आणि फिजिबिलिटीच्या मध्ये कुठेतरी असतं. तिथून डीएपर्यंत जायला दोन वर्षंही लागतात आणि दहाही. माझं मत विचाराल तर डीए नोंदणीकृत होईपर्यंत वाढीव जागेचे पैसे मोजू नयेत. तोवर भाव जुन्या घराचाच. विकणारा म्हणेल, “तुम्हाला पुढे दोनशे फूट जास्त मिळणार आहेत.” मिळतील तेव्हा मिळतील, आज ते त्याच्याकडेही नाहीत.

डीए झाला असेल तर भाव चढलेलाच असतो आणि तो चढणं रास्तही असतं. तिथे गणित करून बघायचं. उदाहरणादाखल धरा: आजचा कार्पेट (घराच्या आतली वापराची जागा) ४०० चौरस फूट, मागणी १ कोटी ४० लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे ८ लाख ४० हजार (फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), नोंदणी ३० हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क कमाल २५ हजार, एजंटाचा एक टक्का. एकूण साधारण दीड कोटी. करारात ३० टक्के वाढ लिहिली आहे, म्हणजे नवं घर ५२० फुटांचं. फुटाला २८,९०० पडले. शेजारच्या नव्या इमारतीत ३६,००० चालू असेल तर ५२० फुटांचे १ कोटी ८७ लाख होतात. फरक ३७ लाखांचा, आणि एजंट याच आकड्यावर थांबतो.

पुढचं तुम्ही करायचं. एक कोटीचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर पहिल्या पाच वर्षांत निव्वळ व्याजच ४० लाखांच्या आसपास जातं. त्यातून घर रिकामं करेपर्यंत तुम्ही तिथे राहून वाचवलेलं भाडं वजा करा, आणि नंतर विकासक देणार ते भाडंही वजा करा (महिना ४५ हजार धरलं तर तीन वर्षांचे १६ लाख २० हजार). म्हणजे सगळं वेळेवर झालं तर फायदा आहे, पण प्रकल्प दोन वर्षं लांबला आणि भाडं मध्येच थांबलं तर तो उरत नाही. राहायला घर हवं असेल तर हे चालतं. नुसत्या नफ्यासाठी घेणाऱ्याने हे आकडे स्वतःच्या हाताने मांडावेत.

आता क्षेत्रफळ. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. समजा, १९८३ चा मूळ करार ‘५४० चौरस फूट बिल्टअप’ (भिंतींसकट) म्हणतो. १.२ ने भागलं तर ४५० कार्पेट. टेप लावून मोजलं तर भरतात ४१८. विकासक वाढ देणार ती कुठल्या आकड्यावर? उत्तर डीएच्या शेवटी जोडलेल्या सभासदांच्या तक्त्यात असतं. त्यात प्रत्येक ओळीला सभासदाचं नाव, फ्लॅट क्रमांक, आजचा कार्पेट, नवा कार्पेट, कॉर्पस (विकासक सभासदाला देतो ती रोख रक्कम) आणि भाडं असे रकाने असतात. विकणाऱ्याची ओळ शोधा, झेरॉक्स मागा आणि तो आकडा तुमच्या टेपशी ताडून बघा. बाल्कनी आत घेतलेली असते, डक्टवर लादी टाकून मोरी वाढवलेली असते, फ्लॉवरबेडवर ओटा आलेला असतो. मालक हे सगळं धरून ‘साडेचारशे’ सांगतो, पण मंजूर नकाशात ते नसतं आणि तक्त्यातही धरलेलं नसतं.

दुसरी गोम व्याख्येत आहे. जुना कार्पेट भिंत ते भिंत, खोलीखोलीने मोजलेला असतो. रेरा म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यातल्या कार्पेटमध्ये घरातल्या मधल्या भिंतींची जाडीही धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. त्यामुळे ‘३० टक्के जास्त, रेरा कार्पेट’ म्हटलं की त्यातले तीन-चार टक्के मधल्या भिंतींतच जिरतात. डीएमध्ये जुनं आणि नवं एकाच मापाने मोजलंय का, हे वकिलाला मुद्दाम विचारा. आपण होऊन तो सांगेलच असं नाही.

काही सोसायट्यांना भरघोस वाढ मिळते आणि काहींकडे विकासक फिरकतसुद्धा नाही. याचं कारण प्लॉटमध्ये असतं, सेक्रेटरीच्या हुशारीत नसतं. उपनगरात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १, त्यावर अधिमूल्य भरून अर्धा, आणि त्यावर टीडीआर (दुसऱ्या प्लॉटवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) किती बसेल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरपेक्षा अरुंद गल्ली असली की गणित तिथेच अडतं. तीस वर्षं ओलांडलेल्या सोसायट्यांना विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३ (७) (ब) खाली जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक घरामागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते प्रोत्साहन म्हणून मिळतं. छोट्या घरांच्या सोसायट्यांना ‘शंभर फूट तरी नक्की’ असं जे सांगितलं जातं त्याचं मूळ या दहा चौरस मीटरांत आहे. शिवाय ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वरचं जादा क्षेत्र.

पण एफएसआय कागदावर असला तरी तो उभा करायला आकाशही मोकळं हवं. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरचा बराच भाग विमानाच्या मार्गाखाली येतो. विमानतळ प्राधिकरणाने उंची बांधून दिली की वरचे मजले गेले, आणि त्यांच्याबरोबर तुमची वाढ. मालाड-कांदिवलीच्या लष्करी डेपोच्या आसपास संरक्षण खात्याची ना हरकत लागते. पाचशे चौरस मीटरचा लहान प्लॉट असेल तर गाड्यांचा रॅम्प बसत नाही. मग यांत्रिक पार्किंग येतं आणि त्याची देखभाल कायमची गळ्यात पडते.

प्लॉटचे दोन कागद स्वतः बघा. प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव आहे का? नसेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं सोसायटीच्या नावे हस्तांतर, झालेला नाही आणि जमीन अजून मूळ बिल्डरच्या किंवा जुन्या जमीनमालकाच्या नावावर आहे. मालकाने सही केली नाही तरी होणारा डीम्ड कन्व्हेयन्स जिल्हा उपनिबंधकाकडून मिळतो, पण त्याला वेळ लागतो आणि मालकाचे वारस हरकती घेतात. कन्व्हेयन्स नाही आणि रिडेव्हलपमेंट मात्र पुढच्या वर्षी, असं कोणी सांगत असेल तर चहा पिऊन उठावं. दुसरा कागद डीपी रिमार्क, म्हणजे पालिकेच्या विकास आराखड्यातला त्या प्लॉटचा शेरा. रस्तारुंदीत किती मीटर जातात आणि काही आरक्षण आहे का, ते त्यात दिसतं. जमीन कलेक्टरची असेल तर विक्रीलाच परवानगी लागते आणि त्याचा खर्च वेगळा. म्हाडा वसाहत असेल तर हस्तांतर म्हाडाच्या दफ्तरीही नोंदलेलं हवं. ते नसेल तर पात्रता यादीत नाव जुन्या माणसाचंच येतं.

शेअर सर्टिफिकेट उलटं करून बघा

समोरची बाजू सगळेच दाखवतात. मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो: तारीख, कमिटी सभेचा क्रमांक, कोणाकडून कोणाकडे, आणि खाली अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटी सदस्य यांच्या सह्या. शेवटची ओळ विकणाऱ्याच्याच नावाची आहे का ते बघा. पुष्कळदा ती वडिलांच्या नावावर थांबलेली असते. मुलगा म्हणतो, “माझं नॉमिनेशन आहे.” नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस, एवढंच. बाकीच्या भावंडांची नोंदणीकृत हक्कसोड पत्रं हवीत, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही. घराला वाढीव जागा आणि कॉर्पस मिळणार म्हटल्यावर वीस वर्षं न आलेले नातेवाईक उगवतात, आणि मग विकासकसुद्धा त्या फ्लॅटचं भाडं कोणाला द्यायचं म्हणून रोखून धरतो.

करारांची साखळी पहिल्या बिल्डरपासून आजपर्यंत सलग हवी. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या विक्रीकरारावर पूर्ण मुद्रांक भरलेला आहे का ते बघा; नसेल तर दंडासकट भरणा विकणाऱ्याने करायचा, आणि तो व्यवहाराआधी. मूळ करार हरवलाय म्हणाले तर पोलीस तक्रार, दोन वर्तमानपत्रांत नोटीस आणि नोंदणी कार्यालयातली प्रमाणित प्रत. कुठे गहाण टाकून विसरलेला नाही ना, हे त्यातून कळतं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या व्यवहारांचा शोध) काढाच. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा आहे. विकणारा परदेशात स्थायिक झाला असेल, जे पार्ले-मुलुंडमध्ये नेहमीचं आहे, तर हा एक टक्का लागू होत नाही. कपात बरीच मोठी असते आणि चुकली तर वसुली तुमच्याकडून होते. सही करण्याआधी सीए गाठा.

कर्ज मिळेल का, हे टोकन देण्याआधी विचारा, नंतर नको. इमारत चाळीस-पंचेचाळीस वर्षांची असली की बँकेचा मूल्यांकनकार तिचं उरलेलं आयुष्य धरतो आणि मुदत त्यापेक्षा कमीच देतो, किंवा फाईल परत पाठवतो. इमारत रिकामी झाली असेल तर तारण ठेवायला भिंतीच नाहीत. अशा टप्प्यावर कर्ज देणाऱ्या बँका मोजक्या आणि त्यांना नोंदणीकृत करारांचा पूर्ण संच लागतो. तीस वर्षांवरच्या इमारतींना पालिका कायद्याच्या ३५३ ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. तो अहवाल मागा. इमारत सी-१ मध्ये म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल तर ती लगेच रिकामी करावी लागते. विकासक अजून ठरलेला नसेल तर भाडं द्यायला कोणीच नसतं. सभासदाचा हक्क जात नाही, पाडण्याआधी पालिका प्रत्येकाचं क्षेत्रफळ नोंदवून घेते. पण तुम्ही कर्जाचा हप्ता आणि दुसरीकडचं भाडं दोन्ही भरत बसता.

डीए झाल्यावर घेत असाल तर विक्रीकरारात पैशाच्या एकेका बाबीचं नाव घेऊन लिहा. कॉर्पस साधारण तीन हप्त्यांत येतो: घर रिकामं करताना, सीसी आल्यावर, ताबा देताना. त्यातला कुठला हप्ता विकणाऱ्याने आधीच घेतला, कुठला तुम्हाला येणार? भाड्याचे अकरा-बारा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक विकणाऱ्याच्या नावाने निघालेले असतात. ते परत करून नवे कोण काढून घेणार? शिफ्टिंग, दलाली, नव्या घरावरचा जीएसटी, पार्किंगची जागा? नुसतं ‘सर्व हक्कांसह’ असं लिहून भागत नाही, भांडणं नेमकी तिथेच होतात. विकासकाकडून लेखी पत्र घ्या की यापुढे तो तुम्हाला त्या फ्लॅटचा सभासद मानतो, आणि कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार तुमच्या नावाने करील. त्या करारावर जुन्या जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या क्षेत्रापुरतं पुन्हा पूर्ण मुद्रांक शुल्क लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पदरचे पैसे घालून जास्तीचे फूट घेतलेत तर तेवढ्यावर लागतं.

डीएमधलं भाड्याचं कलम कधी संपतं तेही वाचा. ‘फिट-आउटसाठी’ म्हणजे आतलं फर्निचर करण्यापुरता ‘ताबा’ दिल्यावर भाडं बंद, असं लिहिलेलं असलं तर ओसीशिवायच्या घरात राहायला जायची पाळी येते, आणि तिथे पाण्याचं बिलही चढ्या दराने. भाडं ओसीपर्यंत आणि त्यानंतर निदान एक महिना हवं. प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी २०१९ च्या निर्देशांत आहे. प्रत्यक्षात सोसायट्या तीच सोडून देतात, कारण विकासक त्याऐवजी चार फूट जास्त देऊ करतो. चार फुटांसाठी हमी सोडलेली सोसायटी दिसली की मी तरी भावात घासाघीस करीन.

तळमजल्यावर दुकानं आहेत का बघून ठेवा. दुकानदाराला रस्त्याकडचा दर्शनी भाग तोच हवा असतो आणि बांधकामाच्या तीन वर्षांत त्याचं गिऱ्हाईक तुटतं, म्हणून तो शेवटपर्यंत सही करत नाही. बहुमताने निर्णय झाला की न्यायालय शेवटी सोसायटीच्या बाजूने उभं राहतं, पण त्यात महिने जातात. सेक्रेटरीला सरळ विचारा: किती जणांनी घर रिकामं करायची संमती लिहून दिली, आणि राहिलेले कोण?

त्याच इमारतीतला विक्रीचा फ्लॅट

सभासदांची घरं सोडून उरलेले नवे फ्लॅट विकासक बाजारात विकतो. हा वेगळा सौदा आहे. इथे तुम्ही विकासकाचे ग्राहक, आणि विकासकाचा जमिनीवरचा हक्क सोसायटीच्या डीएवर टांगलेला. सोसायटीने डीए रद्द केला तर काय होतं, हे अंधेरीच्या डी. एन. नगर प्रकरणात २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयात दिसलं: विक्रीच्या फ्लॅटधारकांचा करार विकासकाशी असतो, सोसायटीशी नाही, त्यामुळे दावा करायचा तो विकासकावर. गोरेगावच्या पत्रा चाळीत २००८ मध्ये करार झाला, ६७२ कुटुंबं बाहेर पडली, पुढे भाडं थांबलं, आणि ज्यांनी विक्रीचे फ्लॅट बुक केले होते तेही त्याच खड्ड्यात अडकले. म्हणून बुकिंग करताना जुन्या सभासदांपैकी दोघांना गाठून एकच विचारा: भाडं या महिन्याचं आलं का? विकासकाच्या तब्येतीचा यापेक्षा खरा रिपोर्ट कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतो.

महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत किती वेळा वाढली, कुठला बोजा नोंदलाय, दावे कोणते, आणि सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते बघा. सीसी प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आणि तुमचं बुकिंग अठराव्या मजल्यावर, असं सर्रास असतं. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायला रेरा कायद्यात बंदी आहे.

गिरगाव, दादर, लालबागची पागडीची खोली हा तिसराच प्रकार. तिथे तुम्ही मालकी घेत नाही, भाडेहक्क घेता. मालकाची लेखी संमती लागते आणि रिवाजाने किमतीचा साधारण तिसरा हिस्सा त्याला जातो. उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत त्याच नियमावलीच्या ३३ (७) खाली किमान ३०० चौरस फूट मिळतात, पण १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी त्यात धरत नाहीत. एका खोलीच्या दोन पावत्या करून विकलेली अर्धी खोली बहुतेक वेळा याच तारखेत अडकते. विकणाऱ्याकडे १९९६ च्या आधीची भाडेपावती मागा, आणि तिच्यावरचा खोली क्रमांक दारावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते तिथेच उभं राहून बघा.